कावेरक्कांचा तास

कावेरक्का माणसाला भेटल्या की आधी त्याच्या हातातलं ओझं उचलून बघत. राजाजीनगरमधल्या त्यांच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, त्या दिवशी माझा नवरा सतीश टेम्पोवाल्याशी बोलत होता आणि मी एक बॅग घेऊन जिन्यापाशी उभी होते. खालच्या दारातून एक बुटकी, रुंद बांध्याची बाई बाहेर आली. तिनं माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. माझ्या हातातली बॅग घेतली, गुडघ्यापर्यंत उचलली, खाली ठेवली आणि म्हणाली, "अठरा किलो. जिना अरुंद आहे. एकटी नेऊ नको." मग दुसरा बंद तिनंच धरला.

मी सांगलीची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सतीशची नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत होती. कंपनीची बस साडेसहाला नाक्यावर यायची आणि त्याला रात्री आठला आणून सोडायची. मधले सगळे तास माझे एकटीचे. कानडीचा गंध नाही, हिंदी भाजीवाल्याला कळत नाही. अशा गावात घरमालकीण मराठी निघावी हे माझं नशीबच. अर्थात त्यांची मराठी कळायलाही मला काही दिवस लागले. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले आणि इथलेच झाले. त्यामुळं त्यांच्या बोलण्यात माझ्या पणजीच्या तोंडचं 'ठावं' आणि 'आताशी' असायचं आणि त्याच वाक्यात कानडी 'स्वल्प' आणि 'सुम्ने'. सुम्ने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. "सुम्ने पडून राहू नको," हे वाक्य पहिल्या वर्षात त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल त्याची गणती नाही.

खाली त्या आणि त्यांचे यजमान श्यामराव, दोघंच राहत. श्यामराव एका कारखान्यात फोरमन होते. मी येण्याआधी तीन वर्षं त्यांच्यावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरले दोन आवाज, एक आखूड 'हं' आणि एक लांब 'आ'. त्यातला फरक फक्त कावेरक्कांना कळायचा. श्यामराव उंच होते, हाडापेरानं थोर. समोरच्या खोलीत त्यांची खाट होती आणि खिडकीपाशी हातांची लाकडी खुर्ची. रोज सकाळी त्यांचं अंग पुसून, इस्त्रीचा सदरा घालून, वरचं बटणसुद्धा लावून कावेरक्का त्यांना खाटेवरून उचलत आणि त्या खुर्चीत रस्त्याकडं तोंड करून बसवत. दिवसातून चार वेळा ही उचल असायची. मला वर ऐकू यायचं. आधी त्यांचं "हां, आता", मग खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.

"माणूस आजारी पडलं की त्याचं वजन उतरतं, पण ते जड होतं," असं त्या म्हणायच्या. श्यामराव अडुसष्ट किलो होते. हा आकडा त्यांना डॉक्टरांनी सांगितलेला होता, पण तो त्यांच्या कमरेला जास्त पाठ होता.

डॉक्टर म्हणाले होते, इतकी ओढाताण कशाला, झोपूनच राहू द्या. मी पण एकदा तसंच म्हणाले. कावेरक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आडवे असले की घरात आलेलं माणूस माझ्याशी बोलतं. यांची तब्येत कशी म्हणून मला विचारतं. बसलेले असले की यांना नमस्कार करतं." मग सूप आपटून त्या पुढं म्हणाल्या, "एवढाच फरक आहे. पण तो मोठा आहे."

मध्यंतरी मोहननं, म्हणजे त्यांच्या मुलानं, एक गडीमाणूस ठेवून दिला होता. तो चांगला धट्टाकट्टा होता. पण तो आला की श्यामराव डोळे मिटून घेत आणि तो जाईपर्यंत उघडत नसत. महिनाभरानं कावेरक्कांनी त्याला नको म्हणून सांगितलं. "पगाराचं माणूस यांना उचलतं, पण यांच्याकडं बघत नाही," एवढंच त्यांनी कारण दिलं.

कावेरक्का तेव्हा छप्पन वर्षांच्या होत्या. उठताना एक हात भिंतीला आणि एक कमरेला लागायचा. एकदा संध्याकाळी खालून माझ्या नावाची हाक आली. गेले तर श्यामराव जमिनीवर होते आणि त्यांचं डोकं कावेरक्कांच्या मांडीवर. आम्ही दोघींनी दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बोलावून आणलं. खाटेवर घेतल्यावर कावेरक्कांनी त्यांचा सदरा सारखा केला आणि म्हणाल्या, "माझा हात सुटला. तुमचं काही चुकलं नाही." श्यामरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्याच वर्षी पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. त्याबद्दल इथं फार लिहीत नाही. अंग सुटलं, मी दिवसचे दिवस अंथरुणात काढू लागले. सतीश काळजीनं हैराण. एका रविवारी वर्तमानपत्रातून एक पत्रक पडलं. आमच्याच भागात, भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर, फक्त बायकांसाठी जिम निघाली होती. यंत्रं गोलाकार मांडलेली. एकावरून दुसऱ्यावर जायचं, असा फेरा पुरा केला की व्यायाम झाला. सतीश म्हणाला, "जाऊन तर बघ. निदान चार बायका भेटतील." मला कुणालाच भेटायचं नव्हतं. सगळ्याजणी पोटाकडं बघणार आणि मुलं किती म्हणून विचारणार, हे मला दिसत होतं. मी पत्रक घेऊन खाली गेले ते निव्वळ गंमत म्हणून.

कावेरक्कांनी कानडी बाजू दोनदा वाचली. बोटानं एका चित्रावर थांबल्या. त्यात एक बाई बसून दांडा वर ढकलत होती.

"इथं उचलायला शिकवतात?" त्यांनी विचारलं.

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या बायकोला अर्धा तास घरात बसवून त्या मला घेऊन निघाल्या. वर दहा यंत्रं होती, मधे एक लाल सतरंजी आणि गळ्यात शिट्टी घातलेली एक तरुण मुलगी. ती शैलजा मॅडम. शिट्टी वाजली की सगळ्या बायका उठून शेजारच्या यंत्रावर जात. बायका बहुतेक माझ्या वयाच्या, पंजाबी ड्रेसमधल्या. कावेरक्का पातळ नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून दारात उभ्या राहिल्या तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं.

मॅडमनी सवयीनं सुरुवात केली, तीन महिन्यांत कंबर किती कमी होते वगैरे. कावेरक्कांनी ऐकून घेतलं. मग कानडीत जे म्हणाल्या ते मला परतीच्या वाटेवर त्यांनीच सांगितलं. "मला बारीक व्हायचं नाही. अडुसष्ट किलोचं माणूस खाटेवरून खुर्चीत बसवायचं आहे, दिवसातून चार वेळा. ते होईल का ते सांग."

मला शब्द कळत नव्हते, पण मॅडमचा चेहरा बदललेला दिसला. तिनं वही मिटली, कावेरक्कांना सतरंजीवर नेलं आणि विचारलं, कशा उचलता ते दाखवा. कावेरक्का वाकल्या. मॅडमनी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि मान हलवली. मग स्वतः गुडघ्यातून बसून दाखवलं, पाठ सरळ ठेवून. म्हणाली, "तीन महिने या. होईल. पण रोज यावं लागेल."

त्यानंतर आठदहा दिवस कावेरक्कांचं मन लंबकासारखं हलत होतं. मला वाटलं होतं अडचण कपड्यांची असेल, लोकांची असेल. तीही होतीच. रविवारी मोहन आला. त्याचं देवनहळ्ळीला बियाण्यांचं दुकान होतं, आठवड्यातून एकदा तो आईवडिलांना भेटून जायचा. ऐकून तो म्हणाला, "अण्णा अंथरुणाला खिळलेत आणि आई, तू जिमला जाणार? लोक हसतील."

"हसू देत. लाज शेजाऱ्यांची असते, पाठ आपली असते," कावेरक्का म्हणाल्या. पण तो गेल्यावर त्यांनी तो विषय दोन दिवस काढला नाही.

मग एका सकाळी मी ताटली परत द्यायला खाली गेले तेव्हा त्या श्यामरावांच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसल्या होत्या. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. "मी जाऊ का, ते सांगा," त्या त्यांना म्हणाल्या.

"हं," श्यामराव म्हणाले.

"कसला हं? जा म्हणून, की नको म्हणून?"

श्यामरावांनी डावा हात खुर्चीवरून उचलला. त्या हातालाही वेळ लागायचा. बोटं दाराकडं करून त्यांनी तो तसाच धरून ठेवला, थरथरेपर्यंत.

खरी अडचण वेगळीच होती. एक तास श्यामरावांजवळ कोण बसणार? इस्त्रीवाल्याच्या बायकोला रोज जमणारं नव्हतं. त्या दिवशी दुपारी कावेरक्का त्या बॅगेच्या दिवसानंतर पहिल्यांदाच जिना चढून वर आल्या, धापा टाकत. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"तू जाणार असशील तर माझं राहू दे. आधी तुझा हक्क, पत्रक तुझ्या घरी आलं," त्या म्हणाल्या. "पण तू जाणार नसशील, तर अकरा ते बारा यांच्यापाशी बसशील का? खरं सांग. भिडेनं हो म्हणू नको."

मी लगेच हो म्हटलं. त्यात त्यांच्यावरची माया होती, पण सुटकाही होती. मी जिमला का जात नाही याचं एक चांगलं उत्तर मला मिळालं. सतीशला मी संध्याकाळी ते उत्तर दिलं आणि त्याला ते इतकं आवडलं की मलाही ते खरं वाटू लागलं.

कावेरक्का जिमला जायच्या त्या पातळ नेसूनच. पिशवीत तपकिरी सलवार-कमीज. तिथं बदलायच्या आणि परत पातळ नेसून गल्लीत शिरायच्या. पहिल्या दिवशी आल्या त्या पायरीवरच बसल्या. "गोल आहे सगळं," म्हणाल्या. "एका यंत्रावर दम लागतो तोवर शिट्टी. दुसऱ्यावर जाऊन बस. तिथं दम लागतो तोवर शिट्टी. रडायला म्हणून वेळ ठेवलेला नाही." आणि पाय चोळत श्यामरावांकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यापेक्षा वाईट आहे."

माझ्या वाट्याचा तास सोपा होता. मी सांगलीहून आलेली आईची पत्रं, मराठी मासिकं वाचून दाखवायची. श्यामराव रस्त्याकडं बघत ऐकायचे. एखादी गोष्ट आवडली तर डाव्या हाताचं बोट खुर्चीवर आपटायचे, म्हणजे परत वाच. आईनं पत्रात लिहिलेली मावशीच्या म्हशीची हकीकत मी त्यांना पाच वेळा वाचून दाखवली असेल. बाळाबद्दल मी कुणाशी बोलत नव्हते. एक दिवस वाचता वाचता थांबून त्यांच्याशी बोलले. ते काही म्हणू शकत नव्हते, म्हणूनच कदाचित. त्यांनी रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडं लावली आणि मी गप्प होईपर्यंत हलवली नाही.

दोन महिन्यांनी खालून येणारा आवाज बदलला. "हां, आता" ऐकू यायचं, पण खुर्ची घासल्याचा आवाज येईना. शैलजा मॅडम एकदा घरी येऊन गेल्या. मोठा पंचा कमरेभोवती बांधून तो दोन्ही हातांनी कसा धरायचा ते त्यांनी कावेरक्कांना दाखवलं. आणि एका सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले तर श्यामराव व्हरांड्यात बसलेले. आजारी पडल्यापासून ते उंबऱ्याबाहेर आले नव्हते. पोस्टमननं सायकल थांबवून त्यांना नमस्कार केला. समोरचे मास्तर येऊन पाच मिनिटं उभ्या उभ्या क्रिकेटबद्दल बोलून गेले. श्यामरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कावेरक्का मागं उभं राहून पदरानं ते टिपत होत्या, मास्तरांना दिसू नये अशा बेतानं.

असे दिवस पाच-सहा आठवडे होते. पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं.

एका सकाळी मी वाचत असताना खोलीत वास आला. श्यामरावांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. काय करायचं ते मला माहीत होतं. निदान शैलजा मॅडमच्या इथं फोन करून कावेरक्कांना बोलवायचं. तेही नाही तर तिथं बसून राहायचं, काही झालं नाही असं वाचत राहायचं. मी मासिक मिटलं आणि वर निघून गेले. तोंड धुतलं आणि पलंगावर बसून राहिले. अकरा वीस झाले होते. फाटक वाजेपर्यंत चाळीस मिनिटं मी खाली गेले नाही.

कावेरक्कांनी सगळं निस्तरलं. संध्याकाळी वर येऊन त्या म्हणाल्या, "मी तुला आधी सांगून ठेवायला हवं होतं. असं झालं तर फोन कर, मी धावत येते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मान हलवली.

पण दुसऱ्या दिवसापासून श्यामराव माझ्याकडं बघेनात. मी आले की ते डोळे मिटून घेऊ लागले. तो गडीमाणूस आला की मिटायचे तसे. मी वाचत राहायची आणि त्यांचं बोट हलायचं नाही. एक आठवडा मी तो तास काढला. मग डोकं दुखतंय म्हणाले, मग पाहुणे आहेत म्हणाले. मग मी संगणकाच्या वर्गाला नाव घातलं. तेव्हा जो तो संगणक शिकत होता. सतीशनं तर पेढे आणले. वर्ग दोन होते, अकराचा आणि तीनचा. अर्जावर मी माझ्या हातानं अकरा लिहिलं. कावेरक्कांना सांगितलं, अकराचाच वर्ग आहे.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "शिकायला मिळतंय तर शीक. सुम्ने पडून राहण्यापेक्षा बरं."

महिनाभर त्या जिमला गेल्या नाहीत. खालून खुर्ची घासल्याचा आवाज परत येऊ लागला. व्हरांड्यात बसणं बंद झालं. आमचा वर्ग जिमच्याच रस्त्यावर होता, खिडकीतून भांड्यांचं दुकान दिसायचं. एक दिवस साडेअकराच्या सुमाराला मला कावेरक्का त्या जिन्यातून उतरून घाईघाईनं घराकडं जाताना दिसल्या. दुसऱ्या दिवशीही दिसल्या. घरी कोण असेल हा प्रश्न मला पडला. उत्तरही मला माहीत होतं. त्या श्यामरावांना खुर्चीत बसवून, पंच्यानं खुर्चीला बांधून, बाहेरून कुलूप लावून अर्ध्या तासासाठी येत होत्या. मी खिडकीतून नजर काढून पडद्याकडं बघायला लागले. जवळजवळ दोन आठवडे मी हे पाहत होते आणि मी कुणाला काही बोलले नाही.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी मी एक वाजता घरी आले तर फाटकापाशी माणसं होती. पंच्याची गाठ सुटली होती. श्यामराव पुढं घसरून फरशीवर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ते कशासाठी पुढं झुकले हे कुणाला कधी कळलं नाही. मोहन देवनहळ्ळीहून दोन तासांत पोचला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर तो म्हणाला, "बाहेरून कुलूप, आत बाप एकटा, आणि आई जिमला." कावेरक्का बाकावर बसल्या होत्या. ते वाक्य आमच्या गल्लीत पुढं महिनाभर फिरलं. बायका नळावर म्हणायच्या, या वयात बारीक व्हायचं वेड. बारीक व्हायला त्या जात नव्हत्या, हे मी दोघीतिघींना सांगितलं. पण त्या वेळी मी कुठं होते हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मोहन दोघांना देवनहळ्ळीला घेऊन गेला. खालचं घर दुसऱ्यांना भाड्यानं दिलं गेलं. श्यामराव परत कधी बसले नाहीत. चौथ्या महिन्यात ते वारले.

सतीशला मी सगळं सांगितलं, तीनच्या वर्गासकट. तो म्हणाला, "तुझा काय दोष? तू काय त्यांची नातेवाईक होतीस?" आईनं पत्रात लिहिलं, ज्याची वेळ येते त्याला निमित्त लागतं. शैलजा मॅडम रस्त्यात भेटल्या तेव्हा त्याही म्हणाल्या, "तुम्ही किती दिवस बसणार होता?" सगळे बरोबर बोलत होते. मला रात्री झोप येत नव्हती.

शेवटी मी देवनहळ्ळीला गेले. ती आमची शेवटची भेट. पुढल्या वर्षी कावेरक्का तापाचं निमित्त होऊन गेल्या आणि मला ते तेरावं उलटून गेल्यावर कळलं.

मोहनचं घर गावाबाहेर, द्राक्षांच्या मळ्यांच्या कडेला होतं. कावेरक्का मागच्या अंगणात होत्या. कपाळ मोकळं. बियाण्यांची गोणी शेडमध्ये नेत होत्या, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यातून उठत. मला पाहिल्यावर त्यांनी गोणी जागेवर नेऊन ठेवली आणि मगच हात झटकत आल्या. आम्ही मागच्या पायरीवर बसलो. त्यांनी सतीशची चौकशी केली, खालचे भाडेकरू पाणी वाया घालवतात का म्हणून विचारलं. श्यामरावांबद्दल म्हणाल्या, "शेवटी शेवटी आलेली माणसं माझ्याशीच बोलायची."

"अक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले.

"तीनच्या वर्गाचं?"

मी वळून त्यांच्याकडं पाहिलं. त्या अंगणाकडं बघत होत्या. "मॅडमची भाची तीनला यायची तिथं शिकायला. मी का येत नाही ते विचारायला मॅडम घरी आली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला कळलं."

"मग मला काहीच का बोलला नाहीत?"

"बोलून काय? तू आली असतीस. मुकाट्यानं येऊन बसली असतीस, मला ठावं आहे. आणि यांनी रोज डोळे मिटून तो तास काढला असता." पायरीवरचा एक खडा त्यांनी उचलून बाजूला टाकला. "त्यापेक्षा एकटे राहिलेले बरे, असं मला वाटलं."

"अक्का, माझं चुकलं."

मला वाटलं त्या माझ्या हातावर हात ठेवतील. नाही गं, असं म्हणतील. सगळ्यांनी तेच म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी दोन बस बदलून आले होते.

"हो," कावेरक्का म्हणाल्या. "चुकलं."

मग म्हणाल्या, "कुलूप मी घातलं होतं. माझं तुझ्यापेक्षा जास्त चुकलं. मोहनचंही चुकलं, पण त्याला ते कळायला अजून वेळ आहे." त्यांनी हे सगळं एकाच सुरात सांगितलं, कुणाच्या वाट्याला किती काम आलं ते सांगावं तसं.

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. थांब म्हणाल्या नाहीत, सुम्ने रडू नको असंही म्हणाल्या नाहीत. माझं थांबल्यावर त्या उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. केळीचं पान घेऊन आल्या, पाणी शिंपडून पुसलं, भात वाढला, त्यावर सार घातलं.

"जेव," त्या म्हणाल्या. "बसला वेळ आहे."

भात गरम होता. मी लहान लहान घास घेत होते. कावेरक्का माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या, पान रिकामं होईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.